पिंपवाल्या भावजींची स्वच्छता

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान बोटींच्या मोटरी दुरुस्त करतात. गावात त्यांना सगळे पिंपवाले म्हणतात, मी भावजी म्हणते, आणि आक्का चिडली की मला म्हणते, "बघ तुझे पिंपवाले काय करून बसलेत." जणू काही त्यांना मीच शोधून आणलं होतं.

तळ्याच्या काठावर आमची पत्र्याची लांब शेड आहे. अर्धी भावजींची, अर्धी माझी. मी बोटींवर घालायची ताडपत्रीची आच्छादनं शिवते. मधे भिंत नाही, जमिनीवर चुन्याची रेघ आहे. बघणाऱ्याला वाटतं, ग्रीसचे डाग नकोत म्हणून ती मी आखली असणार. आखली भावजींनी, माझ्या दोऱ्यांचे तुकडे त्यांच्या मोटरींत जातात म्हणून. पाने मापाप्रमाणे भिंतीवर, स्क्रू डब्यांत, डबे झाकणासकट, आणि झाकणावर धूळ दिसली तर स्वारीचं जेवणात लक्ष लागत नाही. आक्का म्हणते, ह्या माणसाशी संसार करायचा म्हणजे रोज परीक्षेला बसायचं.

आता पिंपाचं सांगते. बोटीची मोटर कोरडी चालवता येत नाही. ती खालून पाणी ओढते, त्या पाण्यानं स्वतःला थंड ठेवते आणि मग ते बाहेर टाकते. त्यामुळे दुरुस्ती झाली की मिस्त्री लोक मोटर बोटीला लावतात आणि तळ्यातच चालवून बघतात. तेवढ्यात थोडं तेल, थोडं पेट्रोल पाण्यात जातंच. पाण्यावर रंगीत तवंग पसरतो, हळूहळू लांब जातो आणि दिसेनासा होतो. बाकीच्यांना त्यात काही वाटत नाही. भावजींना तो तवंग सहन होत नाही. त्यांचे वडीलही मिस्त्रीच होते, पण घरातला गाळ, तेल, सगळं तळ्यात ओतणारे. लहानपणी भावजी पोहून आले की अंगाला रॉकेलसारखा वास यायचा आणि वर्गात कुणी शेजारी बसत नसे. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, हसत हसत, पण मला ते हसणं काही फारसं पटलं नाही.

म्हणून टेंपोच्या मागे कायम एक निळं पिंप. आसपासच्या तळ्यांवर, खाली नदीच्या धक्क्यांवर, जिथं कुठं मोटर बिघडेल तिथं भावजी पिंप घेऊन जायचे. तिथलंच पाणी पिंपात भरायचं, कडेवर फळी टाकून तिच्यावर मोटर अडकवायची, चालवायची. तेल पडलं तर पिंपात पडेल. आणि काम झाल्यावर ते पाणी तिथं ओतायचं नाही. "लोकांच्या दारात घाण टाकून यायचं का? आपली घाण आपल्या घरी." असं म्हणून झाकण लावायचं आणि पिंप घरी आणायचं. घरी आल्यावर ते रात्रभर निवळत ठेवायचं, वरचं तेल जुन्या सुती फडक्यानं टिपून घ्यायचं, फडक्यावर डाग उमटेनासा झाला की मग खालचं निर्मळ पाणी पायऱ्यांवरून आमच्या तळ्यात हळूच सोडायचं. आक्का कितीदा म्हणाली, परसातल्या झाडांना घाला. तर म्हणे, "पाणी तळ्याचं आहे, ते तळ्यातच गेलं पाहिजे." ते पाणी दुसऱ्या तळ्याचं होतं, हे त्यांच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही आलं नाही. पाणी ते पाणी, त्यात काय आपलं आणि परकं?

भाचीचं लग्न आमच्याच काठावर झालं. पायऱ्यांच्या त्या टोकाला मासेमारांचं घर आहे, त्या घरात ती गेली. व्याही जाळी विणतात आणि मासे धरतात. कमालीचा अदबशीर माणूस. लेक देऊन इतकी वर्षं झाली, तरी भावजींना "या व्याहीबुवा, बसा व्याहीबुवा" असंच करतात आणि स्वतः उभे राहतात. मग भावजीही उभेच. मी त्यांना म्हणायची, तुम्ही दोघं बसला नाहीत तर आमचे पाय मोडतील. संध्याकाळी दोघं पायऱ्यांवर शेजारी बसून तळं बघायचे. बोलणं फारसं नाही. भावजींचं गुडघ्याचं दुखणं काढायचं नाही, व्याह्यांचं कमी ऐकू येणं काढायचं नाही, सोयरिकीत कुणी कुणाचं उणं काढायचं नाही, असा त्यांचा न बोललेला करार.

मग आमचं तळं नितळ व्हायला लागलं. आधी पाण्याखालच्या दोनचार पायऱ्याच दिसत. पुढं सगळ्या दिसायला लागल्या, मग तळातले दगड, मग कुणाचं तरी बुडालेलं जुनं वल्हं. भावजींच्या चेहऱ्यावर आनंद मावेना. इतक्या वर्षांच्या पिंपाचं चीज झालं, असं त्यांना वाटलं आणि गावालाही तसंच वाटलं. येणाऱ्याजाणाऱ्याला ते पायऱ्यांपाशी नेत आणि म्हणत, "तळ बघा, तळ." लोकांनी त्यांचं कौतुक केलं, आणि खोटं कशाला बोलू, मलाही अभिमान वाटला. मी त्यांच्या टेंपोला फुकटात नवीन ताडपत्री शिवून दिली.

पाणी नितळ झालं आणि मासे मात्र कमी झाले. आधी लहान गेले, मग मोठेही. व्याह्यांची जाळी वर आली की त्यात नखाएवढे, काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचे शिंपले अडकलेले असत. धार अशी की धागा तुटे. पायऱ्यांवर पोरांचे तळपाय कापायला लागले. भाचीच्या घरी सकाळ-संध्याकाळ जाळी सांधण्याचंच काम, आणि सांधून टाकलेल्या जाळ्यात येतंय काय, तर पुन्हा शिंपले. शेवटी भाचीनं आणि जावईबापूंनी ठरवलं, इथं राम राहिला नाही, वरच्या तळ्यावर जायचं. वरचं तळं डोंगराच्या कुशीत आहे, तिथं मासे होते. तिथल्या मासेमारांनी पुष्कळ आढेवेढे घेऊन त्यांना आपल्यात घेतलं. दोघं आपली बोट आणि मोटर घेऊन गेली. आक्का चार दिवस स्वयंपाकघरात कुणाशी बोलली नाही. भावजी म्हणाले, दोन तासांचा तर रस्ता आहे, आणि स्वतःच रोज संध्याकाळी त्या रस्त्याकडे बघत बसायला लागले.

ह्यानंतर थोड्याच दिवसांनी पंपघराचा पाइप तुंबला आणि गावाला पाणी येईना. मत्स्यखात्याच्या मॅडम आल्या. त्यांनी पाइपचा एक तुकडा कापून धक्क्यावर आणला आणि सगळ्यांना बोलावलं. हात जाईल एवढ्या जाड पाइपमध्ये शिंपल्यांचे थरावर थर बसले होते, मधे करंगळी जाईल एवढंच भोक. मॅडमनी शांतपणे, कुणालाही न दुखवता सांगितलं, की हे शिंपले इथले नाहीत. खालच्या नदीतून आलेत. त्यांची पिल्लं इतकी बारीक असतात की भांडंभर पाण्यात शेकडो असली तरी पाणी कोरं दिसतं. बोटीच्या तळात साचलेलं पाणी, ओला दोर, माशांची बादली, मोटरीच्या पोटात राहिलेलं पाणी, ह्यातून ती एका तळ्यातून दुसऱ्यात जातात. मोठी झाली की पाणी गाळत बसतात आणि माशांच्या पिल्लांचं खाणं खाऊन टाकतात.

"हे पाणी तुम्हाला छान दिसतंय," त्या म्हणाल्या, "पण माशांचं ताट रिकामं झालंय, म्हणून ते असं दिसतंय."

गर्दीतून एक नावाडी मोठ्या कौतुकानं म्हणाला, "मॅडम, आमच्या पिंपवाल्यांना बघा. थेंबभर तेल कुठं पडू देत नाहीत. जिथं जातील तिथलं पाणी पिंपात भरतात आणि माघारी घेऊन येतात."

मॅडमनी विचारलं, "मग ते पाणी पुढं कुठं टाकता?"

भावजींनी पायऱ्यांकडे पाहिलं. मी त्यांच्या शेजारी उभी होते, मीही पाहिलं. तेवढ्यात मागून व्याही म्हणाले, "घरी नेतात. तेल काढतात, मग टाकतात." मॅडमना त्याच वेळी दुसऱ्या कुणी काहीतरी विचारलं आणि त्या तिकडे वळल्या. भावजी तिथून निघाले ते थेट शेडमध्ये.

मी मागोमाग गेले. त्यांनी पिंप आडवं केलं होतं आणि गुडघ्याचं दुखणं विसरून आत डोकं घालून बसले होते. आतून तर ते दर आठवड्याला घासत, तिथं काही नव्हतं. मग पिंप उलटं केलं. पिंपाच्या बुडाला खाली खोलगट कडा असते, टेंपोत कायम ओल धरणारी, तिथं बोट फिरवलं. बोट बाहेर आलं तेव्हा कापलं होतं. कडेच्या आत वाळलेल्या शिंपल्यांची एक ओळ होती. पाणी भरताना पिंप काठावरच्या पाण्यात उभं करत, तेव्हा चिकटले असणार.

"मेव्हणीबाई," ते म्हणाले, "हे मी आणलं."

मी एरवी त्यांना एकही वाक्य सरळ जाऊ देत नाही. त्या दिवशी जाऊ दिलं. मला त्यांची फार दया आली. आयुष्यभर एक माणूस पाणी घाण होऊ नये म्हणून पिंप उचलत राहतो, आणि त्याच पिंपातून हे. मी म्हटलं, "तुम्ही एकटेच थोडेच जाता नदीवर? दहा बोटी जातात-येतात." त्यांनी मान हलवली. त्यांना ते ऐकायचं नव्हतं. मग एकदम उठून बसले आणि म्हणाले, "पोरांची मोटर."

तेव्हा माझ्याही लक्षात आलं. जावईबापूंची मोटर आणि बोट आमच्या तळ्यात वर्षानुवर्षं चाललेली. ती न सुकवता, न धुता, इथून उचलून वरच्या तळ्यात टाकली होती. मोटरीच्या पोटात काय असेल ते कुणाला ठाऊक. वरच्या तळ्यातही शिंपले झाले तर लेकीला तिथूनही उठावं लागणार होतं, आणि तिच्याबरोबर तिथल्या सगळ्यांना.

आधी व्याह्यांना सांगणं भाग होतं, मोटर त्यांच्या मुलाची. आम्ही गेलो तेव्हा ते ओटीवर खिळ्याला जाळं टांगून सांधत बसले होते. व्याही-विहीणबाईंनी नेहमीप्रमाणे उठून "या, या" केलं. भावजी बसले नाहीत. उभ्याउभ्या सगळं सांगितलं, काही राखून ठेवलं नाही. पिंप, शिंपले, पायऱ्यांवरून सोडलेलं पाणी, सगळं. "तुमचं तळं मी घालवलं," म्हणाले.

व्याह्यांनी हातातली सुई जाळ्यात अडकवून ठेवली. मग म्हणाले, "व्याहीबुवा, मला माहीत होतं."

भावजी एक पाऊल पुढं आले.

"तुमचं पिंप एकदा मी उतरवायला मदत केली होती. तेव्हा बुडाला हे शिंपले हाताला लागले. तेव्हा आपल्या तळ्यात एकही नव्हता." त्यांचा आवाज इतका खाली गेला की ऐकायला पुढं वाकावं लागलं. "म्हटलं सांगावं. मग म्हटलं, सुनेचे वडील आहेत, आणि ज्याला सगळा गाव स्वच्छतेसाठी मानतो त्याला मी सांगू, की तुमच्या भांड्याला घाण लागलीय? चार शिंपल्यांनी काय होतंय. नाही सांगितलं. आज मॅडमपुढंही नाही सांगितलं."

विहीणबाई दारात उभ्या होत्या. त्या बाईला मी कधी मोठ्यानं बोलताना ऐकलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "तुम्ही दोघं आयुष्यभर एकमेकांचा मान राखत बसा. अळीमिळी गुपचिळी. माझी पोरं घर सोडून गेली त्याचं काय?" आणि आत निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी भावजी, व्याही आणि मी, आम्ही तिघं टेंपोनं वरच्या तळ्यावर गेलो. पिंप घरी ठेवलं होतं. पाने भावजींनी उकळत्या पाण्यातून काढून, उन्हात वाळवून, कोरड्या फडक्यात बांधून घेतले होते. भाचीचं घर म्हणजे दोन खोल्या, बाहेर दोरीवर कपडे, चुलीपाशी माशांची नवी टोपली. बापाला बघून तिला आनंद झाला. मग भावजींनी सांगितलं आणि तो आनंद ओसरला.

"मोटर काढू," ती म्हणाली, "बोट पण काढू. बिघडलीय म्हणून सांगू. पण बाबा, कारण सांगू नका. आत्ताशी कुठं इथली माणसं आम्हाला आपलं म्हणायला लागलीत. हे कळलं तर आजच्या आज हाकलतील."

जावईबापूंनाही तेच म्हणायचं होतं, ते दिसत होतं. भावजी हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. मी भाचीकडे बघितलं आणि मला तिचंही खरं वाटलं. एकदा घर सोडून आलेल्या माणसाला दुसऱ्यांदा सोडायला सांगणं सोपं नाही.

दुपारी बोट काढायला आम्ही काठावर गेलो. तिथं मासे तोलायची जागा आहे, काटा धरणाऱ्या एक थोराड बाई तिथल्या कारभारी. त्यांचं सगळे ऐकतात. पाचसहा नावाडी बसले होते. जावईबापूंनी सांगितलं, मोटर बिघडलीय, सासरे बघणार आहेत. त्यावर एक जण लगबगीनं उठला. "पिंपवाले का? बरं झालं आलात. माझी मोटरही बघा. कालच टेंपोत बोट घालून तुमच्या खालच्या तळ्यावर जाऊन आलो, सोयरे आहेत तिकडं. तिथं चालवताना कुरकुर करायला लागली. आता दर आठवड्याला जाणं होणार, तेव्हा मोटर धड हवी."

त्याची बोट काठाला बांधलेली होती. तिच्या तळात अजून पाणी हलत होतं.

भावजींनी त्या पाण्याकडे पाहिलं. मग लेकीकडे पाहिलं. तिनं मान हलवली, अगदी थोडी. मला वाटलं, आता हे गप्प बसतील. मी त्यांच्या जागी असते तर गप्प बसले असते.

"ती बोट आधी वर काढा," भावजी म्हणाले. "आमच्या तळ्यातलं पाणी आहे ते. आमच्या तळ्यात शिंपले झालेत, मासे गेलेत. ते मी आणले. माझ्या पिंपातून. आणि जावयाची ही मोटरही तिकडचीच आहे, न सुकवता आणलेली."

व्याही पुढं झाले आणि भावजींच्या शेजारी उभे राहिले. "आणि मला ते ठाऊक होतं," ते म्हणाले. "मी बोललो नाही."

ज्याची मोटर कुरकुरत होती तो नावाडी रागानं म्हणाला, "एक तळं घालवलंत, मग आता इथं कशाला आलात?"

"माझी लेक इथं राहते," भावजी म्हणाले.

काटेवाल्या बाई उठल्या. त्यांनी भाचीकडे बराच वेळ बघितलं, मग जावईबापूंकडे. म्हणाल्या, "दोन्ही बोटी वर घ्या. मोटरी काढा. खालून आलेली ओली वस्तू आजपासून ह्या पाण्यात जायची नाही. ह्या पोरांचं काय करायचं ते मग बघू." त्या 'मग'मध्ये काय होतं ते कुणाला कळलं नाही. मीही अजून सांगू शकत नाही, कारण ते अजून ठरायचं आहे.

जावईबापू पाण्यात उतरले. भाची काठावर तशीच उभी होती, बापाकडे पाठ करून. मला वाटलं, ती घरी निघून जाणार. पण ती खाली गेली, बोटीचं एक टोक धरलं आणि मागं न बघता म्हणाली, "बाबा, तुम्ही गुडघ्यावर जोर देऊ नका. बाजूनं धरा."

सगळ्यांनी मिळून बोट गवतावर पालथी घातली. तिच्या बुडाला काही नव्हतं. भावजींनी जावईबापूंची मोटर मांडीवर घेतली आणि खालचा भाग उघडला. पाणी ओढायची नळी त्यांनी पांढऱ्या फडक्यावर हलकेच ठोकली. त्यातून तीन शिंपले पडले, डाळीएवढे. ते जिवंत होते की मेलेले, आणि त्यांच्याआधी किती शिंपले पाण्यात पडले होते, हे मॅडम येऊन तपासल्याशिवाय कळणार नव्हतं. भावजींनी फडकं उचलून उजेडात धरलं.

भाचीनं ते फडकं त्यांच्या हातातून घेतलं, चारी टोकं गुंडाळली आणि गाठ मारली. डोळे पुसले, बापाचे नाही, स्वतःचे.

"जेवून जा," ती म्हणाली. "मामंजींनाही सांगा. मावशी, तू चल, भाकऱ्या लाटायला हात लाव."

भाकऱ्या थापतात, लाटत नाहीत, हे तिला मीच शिकवलं होतं. पण त्या दिवशी मी तिची चूक काढली नाही. हात धुतले आणि पिठाचा डबा पुढं ओढला.